स्वतंत्र संगीतकाराचा जमाखर्च : समाजमाध्यमे आणि ‘स्वातंत्र्य’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

संगीताच्या व्यवहारात ‘स्वतंत्र’ हे विशेषण जितके कलात्मक आहे तितकेच ते एका करारपत्राच्या अभावाचे निदर्शक आहे. ज्याच्या ध्वनिमुद्रणावर कोणत्याही मोठ्या कंपनीचा हक्क नाही तो स्वतंत्र संगीतकार, अशी ही मूलतः नकारात्मक व्याख्या होय. विसाव्या शतकात ही स्थिती बहुधा नाइलाजाची होती. ध्वनिमुद्रणासाठी लागणारे भांडवल, तयार झालेली ध्वनिमुद्रिका दुकानापर्यंत पोहोचवणारी वितरणव्यवस्था आणि नभोवाणी-वृत्तपत्रांतून होणारी प्रसिद्धी ही तिन्ही साधने कंपनीच्या हाती होती. त्यामुळे कंपनीबाहेर राहिलेला संगीतकार स्वतंत्र असला तरी तो आपल्या गावाबाहेर फारसा ऐकला जात नसे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात समाजमाध्यमे आली आणि या विशेषणाला नवी प्रतिष्ठा लाभली. संगणकावर घरबसल्या ध्वनिमुद्रण करता येऊ लागले, ते महाजालावर चढवणे विनामूल्य झाले आणि श्रोत्याशी थेट संवाद साधता येऊ लागला. संगीताचे लोकशाहीकरण झाले, मध्यस्थ नाहीसा झाला, हा विचार तेव्हापासून इतक्या वेळा मांडला गेला आहे की त्याची तपासणी करण्याची गरजच कोणाला भासत नाही. अभ्यासकही फॉलोअर्सची संख्या, चित्रफितीची दृश्यसंख्या आणि एखाद्या गाण्याचे अकस्मात लोकप्रिय होणे यांनाच यशाचे पुरावे मानतात. यांतील एकही पुरावा संगीतकाराच्या उपजीविकेविषयी काही सांगत नाही.

प्रस्तुत लेखात वेगळ्या प्रकारचे पुरावे विचारात घेतले आहेत. गेल्या तीन दशकांत काही संगीतकारांनी आपल्या व्यवसायाचे हिशेब स्वतःहून प्रसिद्ध केले. हे हिशेब मुलाखती आणि आत्मकथने यांच्याइतकेच काळजीपूर्वक वाचण्याजोगे लेखन आहे. ते वाचताना एक प्रश्न सतत समोर ठेवला आहे. कंपनी दूर झाली हे खरे, परंतु श्रोत्याशी असलेला संबंध आता कोणाच्या ताब्यात आहे?

एका प्रकाराचा आरंभ

या लेखनप्रकाराचा आरंभ स्टीव्ह अल्बिनी यांच्या ‘द प्रॉब्लेम विथ म्युझिक’ या १९९३ सालच्या निबंधापासून मानता येईल. ‘द बॅफलर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. अल्बिनी स्वतः वादक आणि ध्वनिमुद्रक होते. त्यांनी एक काल्पनिक पण बाजाराच्या तत्कालीन दरांवर बेतलेला वाद्यवृंद घेतला, त्याला मोठ्या कंपनीचा अडीच लाख डॉलरचा आगाऊ करार मिळवून दिला, त्याच्या ध्वनिमुद्रिकेच्या अडीच लाख प्रती खपवल्या आणि अखेरीस ताळेबंद मांडला. कंपनीच्या पदरी ७,१०,००० डॉलर पडतात. प्रत्येक वादकाच्या वाट्याला ४,०३१ डॉलर २५ सेंट येतात, शिवाय रॉयल्टीच्या खात्यावर वाद्यवृंद कंपनीचा देणेकरीच राहतो. निबंधाची भाषा कडवट आहे. ती वाचकाच्या लक्षात राहते, पण निबंधाचा प्रभाव टिकला तो त्या शेवटच्या कोष्टकामुळे. कंपनीविरुद्धचा असंतोष त्यापूर्वी तक्रारीच्या स्वरूपात होता. अल्बिनींनी त्याला अंकगणिताचे रूप दिले.

समाजमाध्यमांचे स्वागत ज्या उत्साहाने झाले त्यामागे हे कोष्टक उभे होते, हे विसरता येत नाही. मधला मोठा आकडा पुसून टाकला की तो आपोआप वादकांच्या रकान्यात जाईल, अशी ती अपेक्षा होती.

मायस्पेस : दंतकथा आणि दप्तर

या अपेक्षेला पहिला पुरावा मिळाला तो इंग्लंडमधील शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीज या वाद्यवृंदाच्या रूपाने. जानेवारी २००६ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या ३,६३,७३५ प्रती विकल्या गेल्या. ब्रिटनमधील पदार्पणाच्या ध्वनिमुद्रिकांपुरता तो तोपर्यंतचा उच्चांक होता. वृत्तपत्रांनी या यशाचे श्रेय मायस्पेस या समाजमाध्यमाला दिले. वस्तुस्थिती थोडी निराळी होती. वाद्यवृंद आपल्या कार्यक्रमांत नमुन्याच्या तबकड्या फुकट वाटत असे. श्रोत्यांनी त्या महाजालावर चढवल्या, आणि मायस्पेसवरील पान देखील चाहत्यांनी तयार केले होते. ते पान आपण चालवत नसल्याचे वादकांनीच सांगितले. शिवाय विक्रमी ठरलेली ध्वनिमुद्रिका डॉमिनो या कंपनीने प्रसिद्ध केली होती. ती कंपनी मोठ्या कंपन्यांच्या वर्तुळाबाहेरची असली, तरी कंपनीच होती.

अर्थात या उदाहरणाचे महत्त्व दंतकथेचा फोलपणा दाखवण्यापुरते नाही. तबकडी हातात देणारा संगीतकार आणि ती पुढच्याला ऐकवणारा श्रोता ही साखळी जुनीच आहे. समाजमाध्यमाने तिचा वेग वाढवला, साखळी निर्माण केली नाही.

मायस्पेसची दुसरी कथा अधिक बोधक असूनही ती फार सांगितली जात नाही. मार्च २०१९ मध्ये या संस्थेने मान्य केले की दप्तर एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवताना २०१५ पर्यंत चढवलेल्या ध्वनिफिती नष्ट झाल्या. ही संख्या सुमारे १ कोटी ४० लाख कलावंतांच्या ५ कोटींहून अधिक गाण्यांची होती. इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहसंस्थेला त्यांपैकी सुमारे ४ लाख ९० हजार गाणी एका वेगळ्या संग्रहातून परत मिळवता आली. म्हणजे शंभरातले एक गाणे वाचले. एका पिढीच्या स्वतंत्र संगीताचा मोठा भाग जिथे ठेवला होता त्या कोठाराची किल्ली संगीतकारांजवळ नव्हती, आणि ते कोठार सुस्थितीत राखण्याची जबाबदारी आपली आहे असे कोठारवाल्यालाही वाटत नव्हते. जुन्या ध्वनिमुद्रण कंपन्यांवर कितीही दोषारोप केले तरी मूळ फीत जपण्यात त्यांचा स्वार्थ होता, हे येथे मान्य करावे लागते.

हजार सच्चे चाहते

मार्च २००८ मध्ये केव्हिन केली यांनी ‘वन थाउजंड ट्रू फॅन्स’ हा लेख लिहिला. स्वतंत्र कलावंताला लाखो श्रोत्यांची आवश्यकता नाही. दरवर्षी शंभर डॉलर खर्च करणारे एक हजार निष्ठावान चाहते असले की त्याला वर्षाला एक लाख डॉलर मिळतील, हे त्याचे सूत्र होय. सूत्र मोहक आहे. गुणाकार अचूक असल्यामुळे गृहीतकाकडे लक्ष जात नाही. शंभर डॉलर ही मिळकत आहे की नफा, हजारांचा हा मेळावा जमवण्यासाठी किती वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत उदरनिर्वाह कशावर करायचा, या प्रश्नांना सूत्रात जागा नाही.

केली यांच्या बाजूने एक गोष्ट अवश्य नोंदवली पाहिजे. त्यांनी आपल्या सूत्राविरुद्धचे पुरावे स्वतःच शोधले आणि प्रसिद्ध केले. रॉबर्ट रिच या संगीतकाराने अशा चाहत्यांवर जगण्यातील ओढाताण कळवली, तीही त्यांनी वाचकांपुढे ठेवली. जॅरन लॅनियर हे संगणकतज्ज्ञ आणि संगीतकारही आहेत. त्यांनी ‘यू आर नॉट अ गॅजेट’ या २०१० च्या पुस्तकात लिहिले आहे की केवळ नव्या व्यवस्थेवर जगणारे संगीतकार शोधू लागल्यावर त्यांना मोजकीच नावे सापडली. तरीही सूत्र लोकप्रिय राहिले. कारकीर्द कशी उभारावी हे शिकवणाऱ्या कार्यशाळांतून ते अजूनही सिद्धान्ताप्रमाणे सांगितले जाते.

मागण्याची कला

केली यांच्या सूत्राचे सर्वांत ठळक प्रात्यक्षिक म्हणून अमांडा पामर यांचा उल्लेख होतो, आणि म्हणून त्यांचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल. बॉस्टन येथील ड्रेस्डन डॉल्स या दोघांच्या वाद्यवृंदातील त्या गायिका व पियानोवादक. रोडरनर या कंपनीशी त्यांचा करार होता. एका ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या काही आठवड्यांत सुमारे २५ हजार प्रती खपल्या आणि कंपनीच्या लेखी ते अपयश ठरले. २०१० मध्ये पामर करारातून मुक्त झाल्या. २०१२ च्या मे महिन्यात किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्यांनी पुढील ध्वनिमुद्रिकेसाठी एक लाख डॉलर मागितले. २४,८८३ जणांनी मिळून त्यांना ११,९२,७९३ डॉलर दिले.

दोन्ही प्रसंगी आकडा सुमारे पंचवीस हजारांचाच आहे, याकडे पामर यांनीच २०१३ च्या आपल्या टेड व्याख्यानात लक्ष वेधले. कंपनीसाठी जो तोटा होता तोच समुदाय थेट संबंधात सरासरी ४८ डॉलर प्रत्येकी देऊन गेला. या युक्तिवादात निश्चितच तथ्य आहे. कंपनीच्या अर्थशास्त्रात मध्यम आकाराच्या श्रोतृवर्गाला स्थान नव्हते, नव्या व्यवस्थेने ते दिले. समाजमाध्यमांच्या पक्षातील सर्वांत भक्कम मुद्दा जर कोणता असेल तर तो हाच आहे.

पामर यांच्या ‘द आर्ट ऑफ आस्किंग’ या २०१४ च्या पुस्तकात या अनुभवाला तत्त्वज्ञानाचे रूप आले आहे. संगीतातून जगता येईपर्यंत त्या रस्त्यात उंच चौथऱ्यावर नववधूच्या वेषात पुतळ्यासारख्या उभ्या राहत, आणि टोपीत नाणे टाकणाऱ्याला नजरेला नजर देऊन एक फूल देत. मागणे म्हणजे भीक नव्हे, ती देवाणघेवाण आहे, हे त्या प्रतिमेतून त्यांना सांगायचे आहे. मराठी वाचकाला हा विचार अपरिचित वाटण्याचे कारण नाही. पहाटे दारी येणारा वासुदेव दान घेतो तेव्हा दात्याच्या वतीने ते देवतांच्या चरणी पावल्याची ग्वाही देतो. गोंधळ्याच्या आणि पोतराजाच्या मागण्यालाही असाच विधीचा आधार आहे. परंतु याच साम्यातून पामर यांच्या मांडणीतील उणीव दिसते. वासुदेवाला दान मिळते ते त्याच्या परंपरेने ठरलेल्या भूमिकेमुळे. दात्याला त्याचे खासगी आयुष्य ठाऊक असण्याची आवश्यकता नसते. समाजमाध्यमावर मागणाऱ्या संगीतकाराला अशी तयार भूमिका उपलब्ध नाही. तिला ती दररोज स्वतःच्या जगण्यातून निर्माण करावी लागते. घरातील आजार, शंका, नातेसंबंध, प्रवासातील फजिती हे सारे संवादाच्या नावाखाली मांडावे लागते. हे श्रम कोणत्याच रकान्यात दिसत नाहीत.

दुसरी उणीव पूर्वपीठिकेची आहे. पामर यांनी सुरुवातीपासून प्रत्येक कार्यक्रमानंतर थांबून श्रोत्यांना भेटण्याचा आणि त्यांचे ई-मेल पत्ते गोळा करण्याचा परिपाठ ठेवला होता, हे त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. पण त्यांतील अनेक श्रोते कंपनीच्या पैशाने झालेल्या दौऱ्यांत आणि प्रसिद्धीत लाभलेले होते. रेडिओहेड या वाद्यवृंदाने ऑक्टोबर २००७ मध्ये ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणून ध्वनिमुद्रिका दिली तेव्हाही हाच आक्षेप घेतला गेला होता. कंपनी सोडल्यानंतरचे यश हे कंपनीशिवाय मिळवलेले यश असतेच असे नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पामर यांनी दौऱ्यावरील गावोगावच्या तंतुवादकांना व शिंगवादकांना रंगमंचावर साथ करण्याचे आवाहन केले. मोबदल्यात बीअर आणि आलिंगन देऊ केले होते, पैसे नाहीत. यावर वादकांनी तीव्र संताप व्यक्त केला. टीकाकारांमध्ये अल्बिनी होतेच. सप्टेंबरमध्ये पामर यांनी सर्व साथीदारांना पैसे देण्याचे ठरवले. या प्रकरणाकडे बहुतेकांनी एका व्यक्तीचा अविचार म्हणून पाहिले, पण ते पुरेसे नाही. मागण्याचे तत्त्वज्ञान श्रोता आणि कलावंत या दोघांपुरते रचलेले आहे. त्यात तिसरा, म्हणजे मजुरीवर वाजवणारा वादक, कोठे बसतो हे ठरलेलेच नव्हते. श्रोत्याने प्रेमापोटी पैसे द्यावेत, तर वादकाने प्रेमापोटी वाजवावे, हे त्या तर्काचे स्वाभाविक टोक होते. जुन्या कंपनीच्या खर्चपत्रकात साथीदाराच्या मजुरीचा रकाना तरी असे.

दोन ताळेबंद

झोई कीटिंग या चेलोवादक आहेत. एकट्याने रंगमंचावर बसून आपल्याच वादनाचे तुकडे संगणकात साठवत, त्यांचे थर एकमेकांवर रचत त्या संगीत उभारतात. कोणत्याही कंपनीशी करार न करता त्यांनी कारकीर्द घडवली. ट्विटरवर त्यांचे दहा लाखांहून अधिक फॉलोअर्स होते. त्यांनी आपले २०१३ चे उत्पन्न बाबनिहाय प्रसिद्ध केले आणि प्रस्तुत विषयावरील तो कदाचित सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे.

त्या वर्षी ध्वनिमुद्रणांच्या विक्रीतून त्यांना ७५,३४१ डॉलर मिळाले. त्यांपैकी आयट्यून्सकडून ३८,१९५, बँडकॅम्पकडून २५,५७५ आणि अमेझॉनकडून ११,५७१. याउलट स्पॉटिफायवर त्यांचे संगीत ४,०३,०३५ वेळा वाजले आणि त्याचे १,७६४ डॉलर आले. यूट्यूबवर त्यांचे संगीत असलेल्या चित्रफिती १९ लाखांहून अधिक वेळा पाहिल्या गेल्या. त्यातून १,२४८ डॉलर आले.

हे आकडे शेजारी ठेवून वाचले म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. बँडकॅम्पवर त्यांच्या २,८९९ ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या, म्हणजे प्रत्येकीमागे पावणेनऊ डॉलरच्या आसपास मिळाले. तेवढी रक्कम स्पॉटिफायवरून मिळवण्यासाठी सुमारे दोन हजार वेळा वादन ऐकले जावे लागते, यूट्यूबवर तेरा हजारांहून अधिक वेळा. आयट्यून्सवरील ३,८६२ ध्वनिमुद्रिका धरल्या तरी दोन्ही ठिकाणच्या संपूर्ण ध्वनिमुद्रिकांचे खरेदीदार सात हजारांच्या आतच राहतात. दहा लाख फॉलोअर्सच्या तुलनेत हे प्रमाण शेकडा एकही नाही. सुटी गाणी घेणारे वेगळे, आणि प्रत्येक खरेदीदार फॉलोअर असेलच असेही नाही. पण दोन संख्यांमधील अंतर एवढे मोठे आहे की अशा दुरुस्त्यांनी ते मिटत नाही. फॉलोअर हा श्रोता नव्हे, आणि श्रोता हा ग्राहक नव्हे. तीनही संज्ञा एकमेकींच्या जागी वापरण्याची सवय समाजमाध्यमांविषयीच्या बहुतेक लेखनाला जडली आहे.

कीटिंग यांच्या २०१२ मधील एका मागणीचा उल्लेखही येथे करावा लागेल. महाजालावरील नभोवाणीच्या मानधनाचा वाद चालू असताना त्यांनी लिहिले की पैशाबरोबरच आपल्याला माहिती हवी आहे. आपले संगीत कोण ऐकते आणि तो श्रोता कुठे राहतो हे मंचाला ठाऊक असते, संगीतकाराला नाही. ते कळले तर दौरा कुठे काढायचा हे ठरवता येईल. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी यूट्यूबच्या नव्या संगीतसेवेच्या अटी जाहीर केल्या. त्यांच्या म्हणण्यानुसार सर्व ध्वनिमुद्रणे सेवेत देणे, नवे काम तेथेही इतरांबरोबरच प्रसिद्ध करणे आणि पाच वर्षे बांधील राहणे अपेक्षित होते, आणि नकार दिल्यास त्यांची वाहिनी बंद होणार होती. यूट्यूबने या वर्णनाशी सहमती दर्शवली नाही. तथापि वाद घडण्याचे स्वरूपच पुरेसे बोलके आहे. कंपनीच्या कराराला नकार देऊन स्वतंत्र झालेल्या वादकासमोर पुन्हा करारच ठेवला गेला, आणि या वेळी वाटाघाटीसाठी समोर माणूसही नव्हता असे म्हणण्यासारखी स्थिती होती.

दुसरा ताळेबंद पॉम्पलामूस या जोडीचा. जॅक कॉन्टे आणि नॅटली डॉन यांनी यूट्यूबवरील चित्रफितींतून नाव मिळवले. २०१४ मध्ये त्यांनी २८ दिवसांत २४ कार्यक्रमांचा अमेरिका-दौरा केला आणि कॉन्टे यांनी त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. तिकिटांचे ९७,५१९, दौऱ्यात विकलेल्या वस्तूंचे २९,७१४ आणि प्रायोजकाचे ८,७५० धरून जमा १,३५,९८३ डॉलर. खर्च १,४७,८०२ डॉलर. तोटा ११,८१९ डॉलर. खर्चातील सर्वांत मोठी बाब ४८,०९४ डॉलरची असून ती साथीदारांच्या पगार-भत्त्यांची आहे. पामर प्रकरणानंतर दोनच वर्षांनी लिहिलेल्या या हिशेबात ती रक्कम सर्वांत मोठी असावी, हे वाचताना लक्षात येते.

या हिशेबावर टीका झाली ती उधळपट्टीची. प्रकाशयोजनेवर आणि हॉटेलांवर एवढा खर्च कशाला, असे अनेक वादकांनी विचारले. मराठी संगीत रंगभूमीच्या अभ्यासकाला येथे गंधर्व नाटक मंडळीची आठवण होणे स्वाभाविक आहे. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ मध्ये ती काढली. तीही कलावंतांनी स्वतःच्या मालकीची केलेली संस्था होती, आणि रंगमंचावरील वैभवाचा खर्च व त्यातून झालेले कर्ज हा तिच्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे. स्वतंत्र झालेल्या कलावंताकडून काटकसरीची अपेक्षा केली जाते, पण प्रेक्षकाला मात्र वैभवच पाहायचे असते. हा पेच यूट्यूबने निर्माण केलेला नाही.

टीकेचा दुसरा मुद्दा अधिक गंभीर होता. कॉन्टे हे पेट्रिऑन या मासिक वर्गणीच्या संकेतस्थळाचे सहसंस्थापक. २०१३ मध्ये ते सुरू झाले, आणि दौऱ्याच्या तोट्याची ही हकिगत वाचून कलावंतांनी त्याच्याकडे वळावे हा तिचा एक परिणाम होणारच होता. हिशेब त्यामुळे खोटा ठरत नाही. पण जो संगीतकार मध्यस्थ नको म्हणून निघाला त्याने अखेर स्वतःच मध्यस्थाची संस्था काढावी, यातून संगीतव्यवसायातील पैसा कुठे साचतो याचे उत्तर मिळते. स्पॉटिफायने तर २०२४ पासून मागील बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देणेच थांबवले. ज्यांच्या नावाने लोकशाहीकरणाचा गजर झाला ते नवोदित या उंबरठ्याच्या बाहेर आहेत.

मराठी संदर्भ

महाराष्ट्रात स्वस्त तंत्रज्ञानाने संगीताचा बाजार पालटण्याची ही पहिली वेळ नाही. १९८० च्या दशकातील कॅसेटने भीमगीते, कोळीगीते, लोकगीते आणि भक्तिगीते यांना छोट्या स्थानिक निर्मात्यांमार्फत घरोघर नेले. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात या विकेंद्रीकरणाचे स्वागत केले, आणि त्याच काळात नव्या मक्तेदारीचा उदयही नोंदवला. तीच वाट आता पुन्हा चालली जात आहे.

२०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने ‘आफत’ हे रॅप आयपॅडच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित आणि चित्रित करून यूट्यूबवर ठेवले, हे साधनांच्या उपलब्धतेचे चांगले उदाहरण होय. परंतु समाजमाध्यमाचा व्याकरणासारखा वापर पाहायचा तर संजू राठोड यांच्या ‘गुलाबी साडी’ या २०२४ च्या गीताकडे वळावे लागते. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या या गायक-गीतकाराने ते आपल्याच यूट्यूब वाहिनीवर प्रसिद्ध केले आणि त्याची दृश्यसंख्या कोट्यवधींत गेली. या गीताची हेटाळणी करणे सोपे आहे, त्याची रचना समजून घेणे अधिक उपयुक्त. शीर्षकातच पोशाख सांगितलेला आहे, आणि तो सामान्य घरातील कपाटात सापडतो. गीतातील नायिका नटूनथटून प्रियकराला आपले छायाचित्र काढायला सांगते. म्हणजे ज्या कॅमेऱ्यासमोर श्रोता रील करणार तो कॅमेरा गीताच्या आशयातच आहे. ऐकणारी व्यक्ती साडी नेसून उभी राहिली की ती गीताची नायिका होते, आणि तिची रील ही गीताची जाहिरात. कंपनी ज्या प्रसिद्धीसाठी पैसे मोजत असे ती येथे श्रोत्यांच्या हौसेतून उभी राहते. पारंपरिक लावणीत प्रेक्षकाच्या नजरेला गीतातच जागा दिलेली असे, त्या युक्तीचे हे आधुनिक रूप मानता येईल.

प्रश्न असा की सर्व स्वतंत्र संगीत या साच्यात बसेल काय? विलंबित ख्यालाला, गद्यप्राय मुक्त रचनेला किंवा शाहिरी पोवाड्याच्या दीर्घ कथनाला अर्ध्या मिनिटाची चौकट मानवणारी नाही. मंच कोणावर बंदी घालत नाही. परंतु जे तुकड्यात सामावते ते पुढे सरकते आणि जे सामावत नाही ते जागच्या जागी राहते, ही निवड संपादकाच्या निवडीपेक्षा कमी कठोर नाही. तिच्याविरुद्ध दाद मागण्याची जागा मात्र नाही.

कायद्याने या काळात रचनाकाराची बाजू घेतली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय प्रताधिकार कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांचा चित्रपटातील व ध्वनिमुद्रणातील रचनांच्या रॉयल्टीतील वाटा त्यांच्यापासून करारानेही काढून घेता येत नाही. २०१७ मध्ये आयपीआरएस ही संस्था प्रताधिकार संस्था म्हणून पुन्हा नोंदली गेली. स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वरबद्ध करणाऱ्या स्वतंत्र संगीतकाराला तिचे सभासदत्व हे फॉलोअर्सच्या संख्येपेक्षा अधिक टिकाऊ साधन आहे. महाविद्यालयांच्या संगीत विभागांत राग-तालांबरोबर या कायद्याची तोंडओळख करून देण्यास अभ्यासमंडळांची हरकत नसावी.

मंचाच्या भरवशावर राहण्याचा धोका भारतात सर्वांत स्पष्टपणे दिसला तो २९ जून २०२० रोजी. केंद्र सरकारने ५९ उपयोजनांवर बंदी घातली आणि त्यांत टिकटॉक होते. बंदीच्या राजकीय कारणांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. येथे महत्त्वाचे हे की धुळे-जळगावपासून सोलापूरपर्यंतच्या छोट्या गावांतील ज्या गायक-वादकांचा श्रोतृवर्ग तेथे जमला होता त्यांना तो सोबत नेता आला नाही. काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्सची सोय सुरू केली, परंतु प्रत्येकाला शून्यापासून आरंभ करावा लागला. फॉलोअर्सची संख्या माहीत होती, त्यांतील एकाचाही पत्ता जवळ नव्हता. कीटिंग यांनी २०१२ मध्ये ज्या यादीची मागणी केली होती ती हीच.

तमाशाच्या हंगामात नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे पंच तेथे येतात, फडमालकाशी समोरासमोर बसून तारीख आणि रक्कम ठरवतात, सुपारी देतात. या व्यवहारातील शोषण आणि कर्जबाजारीपण यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तरी गेल्या वर्षी कोणत्या गावाने बोलावले आणि कोणाशी बोलून ते ठरले, हे फडमालक सांगू शकतो. इन्स्टाग्राम संगीतकाराला श्रोत्यांची शहरे, त्यांचे वयोगट आणि त्यांतील स्त्री-पुरुषांचे प्रमाण दाखवते. त्यापुढची माहिती त्याच्या हाती येत नाही. त्या श्रोत्यांपर्यंत पुन्हा पोहोचण्यासाठी जाहिरातीचा दर मोजावा लागतो, आणि तो दर मंच ठरवतो.